वरचा रुपया

गहू भिजत घातला त्याच दिवशी पेमेंट कंपनीनं माझे पैसे अडवले. संदेश सकाळी आला होता, पण वाचला दुपारी, कारण सकाळभर दोन्ही हात कोपरापर्यंत गव्हाच्या पाण्यात होते. इंग्रजीत लिहिलं होतं की तुमच्या खात्यावर वेगळ्या प्रकारचे व्यवहार दिसल्यामुळे तपासणी सुरू केली आहे, ती पूर्ण होईपर्यंत रक्कम बँकेत जमा होणार नाही. खाली आभार मानले होते. कशाबद्दल, ते कळलं नाही.

कुरडयांचा गहू तीन दिवस भिजतो. रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला की वाटायचा, पिळून चीक काढायचा, चौथ्या दिवशी शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यानं उन्हात घालायचा. एकदा भिजलेला गहू कोणाच्या तपासणीसाठी थांबत नाही. तपासणीला किती दिवस लागतील, ते मात्र संदेशात कुठंच नव्हतं.

वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेला आमचं घर आहे. खाली नवऱ्याचं किराणा दुकान, वर आम्ही राहतो, त्याच्या वर गच्ची. गच्ची माझी. ऊन तापायला लागलं की पावसाळ्यापर्यंत तिथं कुरडया, शेवया आणि सरगुंडे होतात. माझ्यासोबत तीन बाया काम करतात. त्यातल्या सगळ्यात मोठीला आम्ही सगळ्याच मावशी म्हणतो. आमचा बहुतेक माल रुखवतात जातो. मुलींची लग्नं अजून इकडे होतात, पण आया कोणी पुण्यात, कोणी बंगळुरात, कोणी थेट सातासमुद्रापलीकडे. काडीवर कणकेचा सरगुंडा वळायला कोणाला वेळ नाही, आणि रुखवतात तो नसला तर बोलणारे नातेवाईक मात्र सगळे हजर असतात. त्या आयांसाठी मी मोबाइलवर एक पान काढून घेतलं. त्यावर मालाचे फोटो, किमती आणि पैसे भरायची लिंक. बाहेरदेशचं कार्डही त्यावर चालायचं. हिशेब एका जागी राहावा म्हणून मी वर्ध्यातल्या गिऱ्हाइकांनाही तीच लिंक द्यायला लागले. एकाच दारातून सगळं आत यायचं. ते दार बंद झालं तर काय, हा विचार तेव्हा केला नव्हता.

आता गल्ल्याचं सांगते, कारण माझ्या दृष्टीनं सगळं त्यावरच अडलं होतं.

लग्नानंतरची बरीच वर्षं मला पैसे लागले की मी खाली दुकानात जायची. नवऱ्यानं कधी नाही म्हटलं नाही. पण देताना विचारायचा, "कायले पायजे?" गिऱ्हाईक समोर उभं असायचं, तेल मापून घेणारी शेजारीण कान देऊन ऐकायची, आणि मी ऑटोचं भाडं, पोरीची वही, चपलेचा अंगठा असं सांगत बसायची. त्यात कंजुषी नव्हती. गल्ल्यातून जाणाऱ्या प्रत्येक रुपयाला तो हाच प्रश्न विचारतो, स्वतःच्या भावालाही. पण मला त्या प्रश्नाचा वीट आला. कुरडयांचा पहिला गहू मी वडनेरहून, माहेरून आणला आणि ठरवलं की हा धंदा गल्ल्यात हात न घालता चालवायचा. तो तसाच चालला. चांगल्या वर्षी चालला, आणि ज्या वर्षी वैशाखात अवकाळी पाऊस पडून अर्ध्या कुरडया काळ्या झाल्या त्या वर्षीही चालला.

यंदा मात्र हाताशी काही उरलं नव्हतं. कबुतरांना कंटाळून मी हंगामाच्या आधीच गच्चीवर लोखंडी सांगाडा करून जाळी बसवून घेतली होती. शिल्लक त्यात गेली. म्हटलं, आगाऊ ऑर्डरींचे पैसे येतातच आहेत, त्यात गहू येईल. पैसे आले, पण कंपनीपाशी. भिजत घातला होता तो गेल्या वर्षीचा उरलेला गहू; यंदाच्या हंगामाचा सगळा बन्सी गहू सिंदी रेल्वे गावच्या एका व्यापाऱ्याकडे माझ्या नावानं बाजूला काढून ठेवलेला होता. त्याला फोन केला तर म्हणाला, "शनिवारपर्यंत ठेवतो, ताई. हिंगणघाटचा एक माणूस रोज विचारून राह्यला. मी त्याले किती दिवस नाई म्हणू?"

म्हणजे शनिवारपर्यंत पैसे सुटले नाहीत तर दोनच वाटा होत्या. हंगाम सोडायचा, किंवा खाली जाऊन "कायले पायजे" ऐकायचं.

कंपनीला फोन नंबर नाही. एवढी मोठी कंपनी, लाखो लोकांचे पैसे हाताळते, पण बोलायला माणूस नाही. चौकोनात प्रश्न लिहायचा, समोरून यंत्र उत्तर देतं. यंत्र भलतं आनंदी होतं. मी लिहिलं, माझे पैसे कधी मिळतील? त्यानं लिहिलं, छान प्रश्न! मग कागद मागितले. पॅन दिलं, अन्न परवाना दिला, बँकेचं पुस्तक दिलं. मग धंद्याच्या जागेचा फोटो मागितला, पाटीसकट. गच्चीला पाटी कुठली असणार? मी वर जाऊन वाळत घातलेल्या कुरडयांचा, जाळीचा आणि सोऱ्या धरलेल्या मावशींचा फोटो काढून पाठवला. उत्तर आलं की छायाचित्रात व्यवसायाचं ठिकाण स्पष्ट दिसत नाही.

"माहं तोंड दिसून राह्यलं ना साफ?" मावशींनी विचारलं.

"तुमचं तोंड दिसते, मावशी. त्यायले दुकान पायजे."

"मंग खालच्या दुकानाचा काढून टाक ना फोटो. सांग आमचंच आहे म्हणा."

मी फोटो काढला नाही. मावशींना त्याचं कारण सांगत बसले नाही. त्यांना ते माहीत होतं, म्हणूनच त्यांनी टोमणा मारला होता.

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. कणीक मळताना फोन बघायची, जेवताना बघायची. चार वेळा गच्चीवर जाऊन गव्हाचं पाणी बघून यायची, जसं काही पाण्यात उत्तर येणार होतं. राग आला की भांडायला समोर माणूस लागतो. इथं समोर चौकोन होता आणि तो म्हणत होता की तुमची अस्वस्थता आम्ही समजू शकतो. पानावर आकडा दिसायचा, माझाच, पूर्णच्या पूर्ण, पण राखाडी रंगात. काचेच्या कपाटात ठेवल्यासारखा. दुकानात उधारी बुडवणारा माणूस निदान गल्ली बदलून जातो. ही कंपनी रोज माझे पैसे मलाच दाखवत होती.

अशात परदेशातल्या एका ताईंचा फोन आला. मूळच्या वर्ध्याच्या, मुलीचं लग्न इकडे हॉलमध्ये ठरलेलं, रुखवताची सगळ्यात मोठी ऑर्डर त्यांची. उरलेले पैसे भरायचे होते आणि लिंक चालत नव्हती. मी खरं ते सांगून टाकलं. त्या हसल्या.

"मंग मी डिजिटल नाणं पाठवतो ना तुले. आम्ही इकडं तेच करतो. मधात कोणी नाई. माह्या फोनातून तुह्या फोनात."

"अन् ते कोणी अडवलं तं?"

"अडवणार कोण? मधात कोणी असलं तं अडवन ना!"

ते वाक्य मला एवढं आवडलं की मी चुलीपाशी उभी राहून ते मनात दोनदा म्हटलं.

माहिती काढायला माझ्याकडे एकच माणूस होता, धाकटे दीर. ते सिंदी रेल्वेला राहतात, कापसाची दलाली करतात, आणि आमच्या किराणा दुकानात त्यांचा वाटा आहे, म्हणून आठवड्यातून एकदा हिशेबाला येतात. या नाण्यांचा त्यांना काही वर्षांपासून नाद आहे. जेवताना ते विषय काढायचे आणि नवरा म्हणायचा, आधी भाजी खा. या वेळी मीच विषय काढला तर त्यांना घासच गिळेना.

"वहिनी, एक असतं भावात उड्या मारणारं. ते तुमच्या कामाचं नाई. दुसरं असतं डॉलरले बांधलेलं. खुट्याले बैल बांधतो ना आपण, तसं. तो इकडं तिकडं मान हलवन, पण जागचा जात नाई. ताईले म्हणा, तेच पाठवजो."

त्यांनी माझ्या फोनमध्ये पाकीट उघडून दिलं. पाकीट म्हणजे नुसतं नाव, आत कप्पे नाहीत. ते उघडायचे बारा इंग्रजी शब्द स्क्रीनवर आले आणि दीर एकदम गंभीर झाले. म्हणाले, हे मलेही दाखवू नका, पाठ फिरवतो. खरंच पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी शब्द कागदावर उतरवले. तो कागद पुढं मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला. बँक नको म्हणून काढलेल्या पैशाची किल्ली बँकेतच ठेवली, हे मलाही दिसत होतं, पण घरात कागदाला वाळवी लागते.

ताईंनी पाठवलं आणि ते आलं. म्हणजे खरंच आलं. मी फोन हातात धरून होते, त्या तिकडून "टाकलं" म्हणाल्या आणि माझ्या स्क्रीनवर आकडा उमटला. राखाडी नाही, काळा. कोणी पाटीचा फोटो मागितला नाही. कोणी आभार मानले नाहीत. लहानपणी पैसा वडिलांच्या हातातून यायचा, मग नवऱ्याच्या हातातून, मग धंदा काढल्यावर बँकेच्या आणि कंपनीच्या हातातून. माझ्यापर्यंत पोचायला ज्याला कोणाचीच परवानगी लागली नाही असा पैसा मी पहिल्यांदा पाहिला. ज्यांना या नाण्याचं वेड लागतं ते सगळे लवकर श्रीमंत व्हायला निघालेले असतात असं मला वाटायचं. त्या दिवसापासून तसं वाटत नाही. काहींना नुसतं कोणाला विचारायचं नसतं.

मी तशीच गव्हाच्या व्यापाऱ्याला फोन लावला. पैसे आहेत म्हटलं, डिजिटल नाणं आहे.

"ताई, माह्या हमालाले मी काय देऊ? फोन दाखवू?"

"तुमी घ्या, अन् मंग विका."

"मी गहू विकतो, ताई. आणखी एक धंदा नका लावू मागं."

सरळ माणूस. त्याला दोष देता येत नाही. नाणं रुपयांत बदलायला रीतसर कंपन्या आहेत, पण तिथं पुन्हा खातं, पुन्हा पॅन, पुन्हा तपासणी, आणि शनिवार परवावर आला होता. मी दिरांना विचारलं, भाऊजी, तुम्हीच घेता का विकत? आजचा जो डॉलरचा भाव असेल तो. ते लगेच हो म्हणाले. मी नाणं त्यांच्या फोनमध्ये पाठवलं, संध्याकाळी त्यांनी मला रबर लावलेल्या नोटा आणून दिल्या. व्यवहार भावानं झाला, उपकार कोणाचे नाहीत. शनिवारी सकाळी गव्हाची पोती घरापुढं उतरली. मावशींनी एक मूठ तोंडात टाकून चावून बघितली आणि मान हलवली. मला त्या आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली.

त्याच दुपारी जेवताना नवरा म्हणाला, "गल्ला पार रिकामा केला तुह्या दिरानं. मालवाला आला, त्याले उद्या ये म्हणा लागलं."

"काऊन? काय केलं त्यायनं?"

"तुलेच माहीत. मी विचारलं, कायले पायजे? तं म्हणे, वहिनीच्या गव्हासाठी."

मग आठवलं, नोटांना हिंगाचा वास येत होता. आमच्या गल्ल्याशेजारी हिंगाचे डबे असतात, तिथल्या प्रत्येक नोटेला तो वास असतो. मी वीस वर्षं तो वास घेतलेली बाई. पण त्या संध्याकाळी नोटा मोजताना माझं नाक गव्हाच्या आंबूस वासानं भरलेलं होतं.

"मी पैसे नाई मागितले," मी म्हटलं. "मी त्यायले नाणं विकलं."

"कोणतं नाणं? गल्ल्यात तं काही पडलं नाई."

"त्यायच्या फोनमदे आहे."

नवऱ्यानं ताट बाजूला केलं. "म्हणजे पैसे गेले दुकानातले, अन् नाणं गेलं त्याच्या फोनमदे?"

"दुकानात त्यायचाही वाटा आहे ना? त्यायनं आपल्या वाट्यातून घेतले."

"वाटा दिवाळीले निघते. आता वैशाख चालू आहे." मग तो म्हणाला, "तू खाली येऊन सांगितलं असतं तं मीच दिले असते. मी कधी नाई म्हटलं तुले?"

"नाई म्हटलं नाई, म्हणूनच नाई आली."

हे त्याला कळलं नाही. तो हात धुवायला उठला.

मी दिरांना फोन केला. त्यांचंही चुकलं होतं असं म्हणता येत नाही. कापसाच्या दलालाचा पैसा घरात पडून राहत नाही. वहिनीला शनिवारच्या आत द्यायचे, जवळ गल्ला आहे, भाऊ आपलाच आहे. ते म्हणाले, "वहिनी, पैसा पैसाच असते. त्याले काय माहीत तो कोणत्या गल्ल्यातून निघाला?" पैशाला माहीत नसतं, मला होतं. देणारी समुद्रापलीकडे, घेणारी सिंदी मेघेच्या गच्चीवर, मधात कोणी नाही असं म्हणता म्हणता मधात दीर निघाले, नवरा निघाला आणि हिंगाच्या डब्याशेजारचा गल्ला निघाला. आणि गहू तोवर भिजत पडला होता. तो वाळवून परत पोत्यात भरता येत नाही.

पुढचे दिवस मी काम केलं. नवरा बोलत होता, पण दुकानातल्यासारखं, कामापुरतं.

मग एका दुपारी कंपनीचा फोन आला. चौकोनाचा नाही, माणसाचा. मी तेव्हा गच्चीवर चीक शिजवत होते. चीक शिजताना हात थांबवला की गोळे होतात, सगळं पातेलं वाया जातं. मी ओरडले, मावशींनी फोन उचलून स्पीकरवर केला आणि माझ्या तोंडापुढं धरला.

पोरगी होती, हिंदी बोलत होती. "मैडम, आपके पेज पर एक प्रोडक्ट है... वर-चा रुपया. प्राइस एक रुपया. इसमें कस्टमर को मिलता क्या है?"

"कुछ नहीं मिलता," मी म्हटलं.

"मैडम, ऐसे मत बोलिए, कॉल रिकॉर्ड हो रही है."

आता ही भानगड अशी होती. आमच्याकडे आहेर असो की रुखवताचं सामान, पूर्ण आकड्यात पैसे कोणी देत नाही. शून्यावर संपलेला आकडा शुभ नाही, त्यावर एक रुपया हवा. पहिल्या वर्षी एका आईनं पैसे भरले आणि लगेच पुन्हा लिंक उघडून वेगळा एक रुपया भरला. दुसरीनंही तेच केलं. तिसरीनं विचारलं, तुमच्याकडे वरच्या रुपयाची सोय नाही का? मी सोय केली. शेवया, कुरडया, सरगुंडे यांच्या खाली पानावर चौथी वस्तू टाकली, वरचा रुपया, किंमत एक. मला ते मोठं व्यवस्थित काम वाटलं होतं. लग्नसराई लागली आणि देशोदेशीच्या कार्डांवरून माझ्या खात्यात एक-एक रुपयाची रांग लागली.

पोरीनं समजावून सांगितलं. चोरलेलं कार्ड चालतं की नाही हे पाहायला चोर आधी एक रुपया भरून बघतात. कुठं एक-एक रुपयाची गर्दी दिसली की यंत्र दार लावून घेतं. यंत्राच्या हिशेबानं मी चोरांना कार्डं तपासून देणारी बाई होते.

मी ढवळता ढवळता लग्न, रुखवत, शुभ-अशुभ सगळं सांगितलं. ती मधेच म्हणाली, "अच्छा, शगुन! हमारे यहाँ भी देते हैं, मैडम."

"तो फिर?"

"लेकिन सिस्टम में शगुन की कैटेगरी नहीं है."

"काय म्हणते?" मावशींनी फोनच्या तोंडावर हात न ठेवताच विचारलं.

"म्हणते, त्यायच्यात शगुन बसत नाई."

"मंग तिले विचार, तिचं लग्न झालं का? कसं झालं बिनारुपयाचं?"

पोरगी हसली. मराठी कळत असावी. मग आवाज खाली करून म्हणाली, ते प्रोडक्ट काढून टाका, आत्ता जे सांगितलंत ते लिहून पाठवा, मी पुढं देते. मी नाव विचारलं, तर म्हणाली, "नाम बताने की परमिशन नहीं है, मैडम." फोन बंद झाला. चीक छान झाला होता, काचेसारखा. एवढ्या दिवसांत त्या कंपनीत एक माणूस भेटला आणि त्याचं नाव सांगायलाही बंदी होती. पण त्या माणसानं काम केलं, हे लिहायला पाहिजे. दोन-तीन दिवसांत पैसे सुटले.

सगळे सुटले, पण रुपये सोडून. संशयाचे व्यवहार म्हणून कंपनीनं सगळे वरचे रुपये ज्याचे त्याला परत पाठवले. ज्या दिवशी परत गेले त्या दिवशी सकाळपासून माझा फोन वाजायला लागला.

पुण्याची एक आई म्हणाली, "ताई, तुम्हाला ऑर्डर घ्यायची नव्हती तर तसं सांगायचं. शगुनाचा रुपया कोणी परत करतं का?" दुसरीच्या सासूनं तर मला लग्नात काही अडचण आहे हे कळलंय का असं खोदून विचारलं. परदेशातल्या ताईंनी उरलेले पैसे नाण्यात दिले असले तरी पहिला हप्ता आणि रुपया लिंकवरूनच भरला होता. त्यांचाही रुपया परत गेला. त्या रडायच्या बेतात होत्या. "कंपनीनं केलं म्हणतं तू, पण मले तं तुह्या नावानं आला ना परत!"

मी एकेकीला समजावलं. यंत्र, चोर, कार्ड, तपासणी. कोणालाच ते पुरेसं वाटलं नाही. शेवटी मी ताईंना म्हटलं, तुमच्या रुखवतात मीच तुमच्या वतीनं रुपया ठेवते. खरा, धातूचा. त्या लगेच शांत झाल्या. मग बाकीच्यांनाही तेच सांगितलं. लग्नाच्या आहेराची पाकिटं मिळतात ना, दर्शनी भागावर नाणं चिकटवलेली, तसं एकेक पाकीट घरीच करून प्रत्येक पार्सलमध्ये. त्यासाठी मला मूठभर सुटे रुपये लागणार होते.

आधी दुसरं काम उरकलं. बँकेतून पैसे काढले आणि दिरांना न देता सरळ दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं. नवरा साखर तोलत होता. मी नोटा गल्ल्यावर ठेवल्या.

"हे कायचे?" त्यानं विचारलं.

"भाऊजीनं नेले होते ते. मोजून घ्या."

त्यानं गिऱ्हाइकासमोर मोजले. बरोबर होते. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अन् वरचा रुपया?" किती दिवसांनी तो नीट बोलला, आणि बोलला तो असा.

दिरांना तिथूनच फोन केला आणि नाणं परत मागितलं. ते म्हणाले, "आता कायले पायजे, वहिनी? तुमचे पैसे तं सुटले." पुन्हा तोच प्रश्न, दुसऱ्या तोंडून. राहू द्या माझ्याजवळ, म्हटलं. त्यांनी पाठवलं. नवरा साखर तशीच सोडून माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावला. "आलं? इतक्यात?" गिऱ्हाईकही डोकावलं. आकडा काळा होता.

ते नाणं मी अजून विकलेलं नाही. नंतर सवडीनं मी रीतसर बदलून देणाऱ्या ठिकाणी स्वतःच्या नावानं खातं उघडलं, म्हणजे पुढच्या वेळी मधात घरचं कोणी यायला नको. तिथं पॅन लागलं, फोटो लागला, आणि कर कापला जाईल तो वेगळा. मधात कोणी नाही असं काही नसतं, एवढं आता मला कळलं आहे. मधात कोण असावं, ते मी ठरवणार. लिंकही चालू ठेवली आहे, पण वर्ध्याची गिऱ्हाइकं आता सरळ बँकेत पैसे टाकतात आणि परदेशातल्यांना दोन्ही वाटा सांगते. एकाच दारावर पुन्हा विसंबणार नाही.

आता सुटे रुपये. आमच्या दुकानात ते एका बिस्किटाच्या बरणीत असतात, आणि नवरा ते जिवापाड जपतो. गिऱ्हाइकाला रुपया परत द्यायचा असला की तो चॉकलेट देतो, बरणीला हात लावत नाही. नोटा परत केल्या त्याच दिवशी मी गल्ल्याच्या मागच्या बाजूला गेले, जिथं लग्नानंतर मी कधी उभी राहिले नव्हते. पर्समधली नोट काढून गल्ल्यात टाकली, बरणी उघडली आणि रुपये मोजून पदरात घेतले.

"अवं, सारी चिल्लर नेऊन राह्यली का?" तो ओरडला. "कायले पायजे एवढी?"

"रुखवताले," मी म्हटलं आणि जिन्यानं वर गेले. वर मावशी पाकिटं आणि डिंकाची बाटली घेऊन बसल्या होत्या.